पहिल्या नंबराचा गोबरा

‘मासे वाचवा’ सप्ताहाचा समारोप सर्वात मोठा मासा पकडण्याच्या स्पर्धेने करावा, हे मत्स्य खात्यातल्या कुणाला तरी सुचलं आणि वरच्या सगळ्यांना पटलं. प्रवाळावरच्या माशांच्या प्रजननाचा पाच वर्षं अभ्यास केलेल्या डॉ. साटम प्रमुख पाहुण्या म्हणून ओघानेच आल्या.

चषक घेऊन त्या विजेत्या माशाजवळ गेल्या आणि तिथेच थबकल्या. एकवीस किलोच्या गोबऱ्याच्या पाठीवर त्यांनीच लावलेला पिवळा बिल्ला होता. गोबरा जन्मतो मादी म्हणून. वाढून दांडगा झाल्यावर त्यातला एखादाच नर होतो. बंदरासमोरच्या प्रवाळावर असा नर एकच उरला होता, आणि तो आता बर्फावर पहुडला होता.

दांडगे गोबरे पकडू नका, हे त्यांनी लिहिलं नव्हतं असं नाही. अहवालाच्या त्र्याऐंशीव्या पानावर, शुद्ध इंग्रजीत लिहिलं होतं. मच्छीमारांसाठीच्या फलकावर मात्र एकाच ओळीची जागा होती: ‘गाभोळी असलेली मादी सोडा.’

विजेत्या आत्माराम मेतरने चषक घेण्याआधी त्यांना हात जोडले. “तुमी सांगितल्यात तसाच केलंय, मॅडम. पोटां दाबून बगलंय. गाभोळीची एकूण एक मादी दर्यात सोडलंय. नर गावलो, तेवडोच आणलंय.”

डॉ. साटमांनी अभिनंदन केलं. दुसरं काही सांगायला त्यांना त्र्याऐंशी पानं लागली असती.

“फुडच्या वर्साक पण नरच आणतलंय,” आत्मारामने शब्द दिला.