दुसरी धार

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दत्तोबांचा डावा हात लुळा पडला होता, पण त्यांना ते काही केल्या पटत नव्हतं. दवाखान्यातनं औंढ्याच्या घरी परतल्यावर ते हट्टानं म्हशीखाली बसलेच. म्हस मोठी खट. परका हात कासेला लागला की लाथ झाडायची.

"बग, दोनी हातानं काढतोय न्हवं?"

"व्हय, व्हय," दारातनं रतनबाई म्हणाली. नवऱ्याचं मन कशाला मोडायचं?

मग तिला ऐकू आलं. बादलीत दोन धारा आलटूनपालटून वाजत होत्या, अगदी पहिल्यासारख्या.

ती वाकली. डावा हात त्यांच्या मांडीवर निपचित पडला होता. म्हस निवांत रवंथ करत होती.

दत्तोबांनी मांडीकडं पाहिलं. "अगं, ह्यो कुणाचा हात हितं?"

दोन्ही धारा तशाच वाजत राहिल्या.