एकरी वीस

"भाऊसाहेब, लिहून घ्या. एकरात वीसच्या वर घरं न्हाईत अन् वर मजला बी न्हाई," उपसरपंच काकासाहेब ग्रामसेवकाला म्हणाले, आणि शाळेपुढच्या मांडवात बसलेल्या चाळीस घरच्या माणसांची तोंडं कोरडी पडली.

गावठाणातल्या त्या एका एकरावर घरकुलाची दुमजली इमारत व्हायची होती. खाली वीस घरं, वर वीस. नावांची यादीही मंजूर होऊन आली होती. पण काकासाहेबांना दाटी सोसत नव्हती. पाणी पुरणार नाही, गटारं तुंबतील, रोज उठून भांडणं होतील. त्यांचा स्वतःचा बंगला तीन मजली आणि त्यात माणसं चार. तेव्हा दाटीतलं त्यांना कळणारच.

पुंजाराम उठून उभा राहिला. "मंग यादीतली कोणची वीस नावं जातेत?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही मधात पडत न्हाई," काकासाहेब गोड आवाजात म्हणाले. "बसा निवांत अन् सांगा."

निवांत कसलं! दुसऱ्याला घराची गरज नाही हे दाखवायला कोणी कोणाची मोटारसायकल काढली, कोणी कोणाच्या मेहुण्याची जमीन. वस्तीत कोणाचं काही लपून नव्हतंच. आता ते सगळं चव्हाट्यावर आलं. पुंजाराम मात्र बिनघोर होता. आपल्यासाठी शेजारचा कल्याण बोलेल याची त्याला खात्री होती. दोघांच्या खोल्यांच्या मधे एकच पत्रा. वीस वर्षं इकडच्या फोडणीचा ठसका तिकडं लागत होता. सकाळी येतानाही दोघं एका चहाचे दोन करून प्यायले होते.

कल्याण उठला. पुंजारामकडं त्यानं बघितलं नाही.

"पुंजारामचं नाव कापा. त्याचा पोरगा रोज जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला जातो. अन् जागेची त्याला काय अडचण? पोरगा-सून आत झोपतेत, हे नवरा-बायको बाहेर. सून हसली तरी आमाला पत्र्याआडून ऐकू येतं. बराबर चालू हाय त्यांचं."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. पुंजारामच्या बायकोनं, बेबीनंदानं, पदर तोंडावर ओढून घेतला.

पुंजारामच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या लाजेपायी तो घर मागत होता, तीच लाज कल्याणनं चारचौघांत उघडी केली होती. त्यानं शेजारची लोखंडी खुर्ची उचलली आणि कल्याणच्या तोंडावर घातली. कल्याण पडला. पुंजारामनं पुन्हा घातली. दात तुटल्याचा आवाज त्यानं ऐकला, तरी हात थांबला नाही. कल्याणच्या भावानं मांडवाचा बांबू उपसून पुंजारामच्या पाठीत हाणला, तसा अर्धा मांडव खाली आला. मग कोण कोणाला मारतंय याचा धरबंध राहिला नाही. बायकांनी बायकांच्या झिंज्या धरल्या. एक म्हातारा फुटलेलं डोकं दोन्ही हातांनी दाबून खाली बसला.

काकासाहेबांची माणसं शाळेच्या पायरीवर जाऊन उभी राहिली होती. त्यांच्यातल्या एकानंही कोणावर बोट उचललं नव्हतं.

सगळे दमले तेव्हा पुंजाराम कल्याणच्या छातीवर बसला होता. त्याची कॉलर अजून मुठीत होती. आपण काय केलं ते आता त्याला दिसत होतं, आणि बघवत नव्हतं.

"पुंजादादा," कल्याण रक्त थुंकत म्हणाला, "मला तीन पोरी हायेत रे."

पुंजारामची मूठ सैल पडू लागली.

पायरीवर ग्रामसेवक वही उघडून उभा होता. "काकासाहेब, वीसचा ठराव लिहू ना?"

"वीस बी जास्ती व्हतेत," काकासाहेब हळहळून म्हणाले. "बघितलं ना, ही माणसं जवळजवळ ठेवली की काय व्हतं ते? दहा लिहा."

पुंजारामनं कल्याणच्या कॉलरवरची मूठ पुन्हा आवळली.