ऐंशीच्या पुढं

ऐंशीच्या पुढं गेलं की चेतनच्या टॅक्सीचं स्टिअरिंग थरथरायचं आणि नाइलाजानं त्याला वेग कमी करावा लागायचा. पर्वत पाटिया भागातला टायरवाला भूपेंद्र चाकाच्या कडेला शिशाचं वजन ठोकून बॅलन्सिंग करून द्यायचा. चार दिवस गाडी वाऱ्यासारखी पळायची. मग वजन गायब आणि पुन्हा तीच थरथर.

"थुंकी लावून चिकटवतोस का रे?" चेतन भडकायचा.

"हातोडीनं ठोकतो, भाऊ. आपोआप पडेलच कसं?"

दसऱ्याला गाडीच्या पूजेच्या वेळी नेमकं घरातलं कुंकू संपलेलं. चेतननं फळीवरून आईचा जुना करंडा काढला. कामरेजच्या हायवेवर भरधाव गाडीत त्याचे वडील, अण्णा गेले, तेव्हापासून आईनं तो कुणाला उघडू दिला नव्हता. चेतननं झाकण काढलं, तर आत कुंकवाच्या जागी शिशाचे तुकडे.

आई दारातच उभी होती.

"आई, हे तू काढतेस?"

तिनं त्याच्या हातातून करंडा घेतला, झाकण लावलं.

"तुझ्या अण्णांची गाडी कधीच थरथरली नाही रे."