हातांवर रुमाल

आईला शिकायला म्हणून मी तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर आणला, घरातला जुना कीबोर्ड जोडला आणि पासवर्ड ठेवून दिला. पण तोच पासवर्ड आईने टाइप केला की चुकीचा ठरायचा आणि मी केला की बरोबर! पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे घोडं नेमकं कुठे अडतंय तेच कळेना.

"आई, जरा बटणांकडे बघून टाइप कर ना."

झालं! तीस वर्षं टायपिंग शिकवलेल्या बाईंचा पारा चढला.

"बघून? माझ्या क्लासात कुणी खाली बघितलं, की मी त्याच्या हातांवर रुमाल टाकायचे. विचार तुझ्या बाबांना, पहिल्याच बॅचला होते!"

मी लॉगिन केलं आणि तिला एक ओळ टाइप करायला दिली. छताकडे बघत तिने ती झरझर टाइप केली. एक चूक असेल तर शपथ. मग मी बटणं बघत तीच ओळ टाइप केली, तर एमच्या जागी एन आणि एनच्या जागी एम!

"अगं, बटणांची अदलाबदल झालीये. मी पासवर्डच चुकीचा ठेवलाय! कुणी उद्योग केला हा?"

वर्तमानपत्रामागे बाबा खाकरले. "धूळ साचली होती. गेल्या आठवड्यात सगळी बटणं काढून धुतली मी."

"अहो, मग परत बसवताना बघायचं तरी!"

"बघणारच होतो," बाबा म्हणाले, "पण म्हटलं, तू येऊन हातांवर रुमाल टाकशील."