सोमवारचं ऑपरेशन

बोट टेकायच्या आधीच काकू ओरडल्या. "आई गं! मेले, मेले!"

फिजिओ ताईंचा हात हवेतच थांबला. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. ऑपरेशननंतर टाक्यांखालची आवरणं एकमेकांना चिकटतात, आतून ओढ बसते, माणूस सरळ उभा राहू शकत नाही. ताई तिथे तेल न लावता बोटं टेकवायच्या, हलकेच ओढून धरायच्या आणि चार-चार मिनिटं वाट बघायच्या. मग गाठ आपसूक सैल व्हायची. पेशंट कौतुकानं त्यांना 'इस्त्रीवाल्या ताई' म्हणायचे.

काकूंच्या उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या ऑपरेशनचा वीतभर व्रण होता. आधी तो दगडासारखा कडक होता. आता बाराव्या खेपेला तो चारही बाजूंना मऊ सरकत होता. मघाशी खाली पडलेली पिशवीही काकूंनी वाकून चटकन उचलली होती. आणि तरी ही बोंब!

ताईंचं डोकंच फिरलं. दुखणं थांबत नाही म्हणून सर्जन सोमवारी काकूंचं पोट पुन्हा उघडणार होते. ताईंनी 'दुखणं पूर्ण थांबलं' असं लिहून दिलं तरच ते टळणार होतं. बासष्ट वर्षांची बाई, त्यात साखर. हा काय पोरखेळ आहे?

सोबत आलेली लेक पाणी आणायला बाहेर गेली तशी ताईंनी दार लोटलं.

"काकू, नाटक पुरे. तुम्ही ठणठणीत आहात. मी तसं लिहून देतेय."

काकूंनी त्यांचं मनगट गच्च धरलं. "पाया पडते, लिहू नका. होऊ दे ऑपरेशन."

"वेड लागलंय का तुम्हाला? जिवावर बेतेल!"

"मागच्या वेळी जावयानं तिला दोन महिने माझ्याकडे राहू दिलं होतं हो," काकू पुटपुटल्या. "दोन महिने पोरीच्या अंगावर एक नवा वळ नव्हता."

ताईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या स्टूल ओढून काकूंशेजारी बसल्या. ही बाई लेकीच्या दोन महिन्यांसाठी स्वतःचं पोट फाडून घ्यायला निघाली होती.

"तक्रार का नाही केली?"

"तीच करू देत नाही. काही नाही झालं, म्हणते. पडले, म्हणते."

लेक ग्लास घेऊन आत आली. "आईला फार दुखतंय का हो?" तिनं विचारलं. तिला धीर द्यावा म्हणून ताईंनी सहज तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली अख्खी पाठ ताठरली. तोंडातून हूं की चूं नाही, फक्त श्वास अडकला. ताईंनी हात अलगद काढून घेतला.

"अवघडलीये जरा," लेक हसून म्हणाली.

दार उघडून जावई डोकावला. बाहेर बाकावर चार पेशंट बसलेले. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात विचारलं, "काय ताई, सासूबाईंचं सोमवारचं नक्की ना? हिला किती दिवस सोडावं लागेल, तसं बघायला."

ताई उठल्या. दार त्यांनी पूर्ण उघडलं.

"ऑपरेशन रद्द. काकू बऱ्या आहेत."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"वा! मग चला," जावई बायकोला म्हणाला.

"त्यांना नाही नेता येणार," ताई म्हणाल्या. "पाठीचा उपचार आजपासून सुरू करायचाय. पाठ बरी होईपर्यंत त्या आईकडे राहतील."

"पाठ? कुणाची पाठ?" जावई अजून हसतच होता.

बाकावरचे चौघे वळून बघायला लागले. ताईंनी लेकीकडे पाहिलं. उत्तर द्यायचा हक्क त्यांचा नव्हता.

लेकीनं पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"माझी," ती म्हणाली.