येतो म्हणाला, म्हणून

कानिफनाथ युगांडाला गेला तर कुणाचा काय फायदा, हे काकासाहेबांनी पोरगं विमानात बसायच्या आधीच ताडलं होतं. पोराचं नाव होणार. चौकात फ्लेक्स लागणार. दूध सोसायटीच्या निवडणुकीत 'ज्यांचा मुलगा परदेशात सेवा करतो' असा उमेदवार दुसऱ्या पॅनलला अख्ख्या काष्टीत सापडणार नाही. झालंही तसंच. काकासाहेब निवडून आले आणि अंगावर गुलाल असतानाच सुनेला म्हणाले, "गायांचं तेवढं बघ गं."

सून म्हणजे निकिता. नर्सिंग शिकलेली. शेवगावच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती, पण हजर व्हायला तिनं मुदत मागून घेतली. कारण कानिफनाथचा शब्द होता. तीन महिने तिकडच्या लोकांना दुभत्या जनावरांची निगा शिकवतो, आलो की गोठा माझा, तू शेवगावला जा. तिकडून त्याचे फोटो यायचे. एका फोटोत तो गाईखाली बादली धरून बसला होता. निकिता त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिली. घरच्या गोठ्यात त्याला असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तीन महिने संपले तेव्हा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "बरं, येतो मग." सासूनं, केशरबाईंनी, डोळ्याला पदर लावला. काकासाहेबांनी लगोलग नवा फ्लेक्स सांगितला, 'मायदेशी आगमनानिमित्त हार्दिक स्वागत'. निकितानं पुन्हा मुदत मागितली, आणि ही शेवटची असं बजावूनच दवाखान्याच्या साहेबांनी ती दिली. कानिफनाथ काही आला नाही. दुसऱ्याच्या ओट्यावरून उठताना माणूस म्हणतो, तसं तो म्हणाला होता. येतो. फ्लेक्सवरचं त्याचं तोंड उन्हानं पांढरं पडलं, तरी दोरी कुणी सोडली नाही.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी निकितानं स्वतः फोन लावला. स्पीकरवर. सासू-सासरे ओसरीवर चहा घेत होते.

"कुठं आहात?"

"रवांडात. एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं. हितनं पुढं टांझानिया, न्हाईतर मग बघू. प्लॅनच ठेवला न्हाई, निकी. त्याबिगर मानूस मोकळा होत न्हाई."

"अन् माझं शेवगाव?"

"थांब की थोडं. नोकरी काय, कवाबी मिळंल." पलीकडं त्याला कुणीतरी हाक मारली. "बरं, येतो."

फोन बंद झाला. केशरबाई फोनकडंच बघत पुटपुटल्या, "येतो म्हनला."

निकिता आत गेली आणि बॅग घेऊनच बाहेर आली. बॅग कधीचीच भरलेली होती. ती वाकून दोघांच्या पाया पडली.

"जाते."

काकासाहेबांची बशी तोंडाशी थांबली. "येते म्हनावं. घरातनं निघताना जाते म्हनत्यात व्हय? एवढी शिकलीस, अन् एवढं बी कळंना?"

"ते येतो म्हणाले, तुम्ही फ्लेक्स लावला," निकिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बॅगेचा बंद तिनं मुठीत पिळून धरला होता. "मी येते म्हणाले तर तुम्ही उद्याच्या धारा माझ्या नावावर सोडून सोसायटीत जाऊन बसाल, अण्णा. म्हणून जाते."

फाटक उघडून ती रस्त्याला लागली. धारांची वेळ झाली होती. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. काकासाहेबांनी गोठ्याकडं नजरही टाकली नाही. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि मीटिंग हाय म्हणून तेही बाहेर पडले.

वळणावर निकितानं मागं पाहिलं. केशरबाई गुडघ्यावर हात दाबून ओसरीवरून उठत होत्या. दुसऱ्या हातात बादली होती. निकिताचा पाय अडखळला. मग तिनं दात आवळले आणि नगरची एसटी गाठायला चालू लागली.

कानिफनाथला जग मिळालं, काकासाहेबांना सोसायटी, निकिताला शेवगाव. या सगळ्याची भरपाई करणारी बाई तेवढी कुठंच गेली नव्हती.