अकरा जणांची कांचन

आठ तास. भूक चांगली. स्वप्नात आंब्याची बाग. मन जड झालं तर बोलतो कांचनशी.

अठरा हजार फुटांवरच्या चौकीत झोप आणि मन तपासायला आलेल्या डॉक्टरांना अकराही जवानांच्या कागदांवर हीच उत्तरं मिळाली.

"ही कांचन कोण?"

"माझी बायको, साहेब," नाईक खरमाटे म्हणाला.

"अन् बाकीचे दहा जण तिच्याशी काय बोलतात?"

खरमाटेने मागे वळून पाहिलं. "नाव तरी बदलायचं रे, गाढवांनो!"

"घाईत राहिलं, नाईक."

खरं सांगितलं तर खाली पाठवतील, गावात वेडा ठरवतील, हे खरमाटेला माहीत होतं. पण आता कांचनच्या अब्रूचा प्रश्न होता.

"साहेब, सतरा रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पेंग आली की दम अडकतो, दचकून उठतो. मग उगाच रडू येतं."

मागून दहा आवाज आले, "आम्हालाही, साहेब."

"हेही याचंच बघून?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही साहेब. हे ज्याचं त्याचं."

डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात स्वतःच्या कागदावर 'झोप आठ तास' असं खोटं लिहून तो खाली पाठवला होता.